टॉर्च धरायला मी

आमच्याकडे दसरा बाबांच्या सुट्टीला येतो. बाबा लांब दुक्मच्या रिफायनरीत मेंटेनन्समध्ये आहेत, एक आठवडा सोडून गुरुवारी मस्कतला येतात. पंचांगात काहीही असो, दसऱ्याच्या आसपास ते घरी असतील त्या शुक्रवारी सकाळी अझैबातल्या आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये गाड्यांची पूजा होते. आधी कार, मग पिकअप, मग माझी डर्ट बाइक. उन्हाळा सरलेला असतो, वाळूवर पुन्हा जाता येतं, त्यामुळे आमचा सीझनही तिथूनच सुरू होतो.

ही बाइक मी कॉलेजात असताना घेतली, तेव्हाही ती सेकंडहँडच होती. तिला बटण नाही, किक मारावी लागते. वाळूवरून परत आलो की बाबा उलट्या बादलीवर बसून तिचा एअर फिल्टर धुतात, चेन बघतात, कार्ब्युरेटर उघडतात आणि मी टॉर्च धरते. बेसमेंटमध्ये उजेड कमी, बोलणं त्याहून कमी. "जरा वर." "डावीकडे." "हं." आई म्हणते, "सबंध सकाळभरात दोघांचं मिळून एक वाक्य होत नाही, आणि वर येऊन म्हणे वेळ कसा गेला कळलं नाही."

यंदा पूजेला आणखी एक बाइक होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची, नवी कोरी. ती शाळेत माझ्याच वर्गात होती. आम्ही आपसांत इंग्रजीच बोलतो. बाबांशी मात्र ती मोडक्यातोडक्या मराठीत बिनधास्त बडबडते आणि बाबा हसतात. माझ्याशी बोलताना ते असे हसलेले मला आठवत नाहीत.

"काका, आधी माझी करा ना, प्लीज! ती न्यू आहे, नर्व्हस आहे."

"बरोबर आहे, नव्या नवरीचा मान आधी," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या टाकीवर हळदीकुंकवाचं बोट ठेवलं, आणि तेच बोट मग माझ्या टाकीवर. पुन्हा बुडवलं नाही. माझ्या टाकीवर फिकट ठिपका उमटला. एवढीशी गोष्ट, पण मी ती पाहिली.

पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवून गाडी सुरू करायची. तिने बटण दाबलं, गाडी गुरगुरली, लिंबू फुटलं. मी किक मारत राहिले. पेट्रोलचा वास सुटला, ओढणी घामाने मानेला चिकटली.

"फाइंड द बटन!" ती हसून म्हणाली.

बाबाही हसले. "खलास. म्हातारी झाली आमची."

शेवटी सुरू झाली, पण नंतर वाळूवर गेल्यावर टेकडीच्या मध्यावर बंद पडली. ती मुलगी माझ्याशेजारून वर गेली आणि वरून हात हलवला. मग खाली येऊन म्हणाली, "ट्राय माइन." मी तिची चालवली. काहीतरी खोट सापडावी म्हणून चालवली, पण सापडली नाही. हलकी होती, मनात आणलं की वळत होती.

परत आल्यावर बाबा म्हणाले, "घ्यायची का तुला नवी? ओळखीचा एक जण आहे, जुनी घेऊन नवी देईल. पुढच्या सुट्टीपर्यंत सांग." मी सांगते म्हणून मान हलवली आणि पाणी आणायला वर गेले.

खाली आले तर बाबा तिच्या बाइकशेजारी उकिडवे बसले होते. ती मोबाइलचा उजेड धरून उभी होती. "चेन एक बोट वर-खाली हलली पाहिजे. जास्त ढिली नको, अगदी ताठ पण नको. माणसासारखंच," बाबा सांगत होते.

ते वाक्य माझं होतं. मला त्यांनी सांगितलेलं सगळ्यात लांब वाक्य ते.

मग पुढचे दिवस अल् खुवैरच्या माझ्या ऑफिसात मी मान खाली घालून मोबाइलवर नव्या बाइकचे फोटो बघत बसायचे. लाल घ्यावी, तिच्यापेक्षा पुढचं मॉडेल घ्यावं, तिने वळून बघावं. ते सगळं मला खरंच हवं होतं. पण दर वेळी मनातलं चित्र पुढे सरकलं की दिसायचं, माझी लाल बाइक बेसमेंटमध्ये ठणठणीत उभी आहे, आणि बाबा सुट्टीच्या सकाळी वर पेपर वाचताहेत. किंवा चेन बघायला तिच्याकडे गेलेत.

पुढच्या सुट्टीला बाबांनी विचारलं, "मग? फोन करू त्याला?"

"नको. हिचं कार्ब्युरेटर उघडू या."

"पुन्हा चोंदेल गं ते."

"चोंदू दे."

बाबांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि बादली उलटी केली. कार्ब्युरेटरचे स्क्रू निघतात तोच लिफ्टचं दार उघडलं.

"काका, माझी चेन पुन्हा लूज वाटते!"

"बाबा बिझी आहेत," मी म्हणाले. मराठीत, आणि माझ्या नेहमीच्या आवाजापेक्षा मोठ्याने. बाबांचा हात थांबला.

तिला काहीच लागलं नाही. "ओके, मी थांबते ना," म्हणत ती आमच्याजवळ येऊन बसली आणि हात पुढे केला. "दे, मी धरते."

टॉर्च मी दिला नाही.

"जरा वर," बाबा म्हणाले. मी वर धरला.