निळी कॅन

कपाशीवर फवारणी सुरू झाली की औषधाचा उग्र वास ओसरीपर्यंत येतो आणि मला पांढरकवड्याचे प्लास्टिक जमा करायचे केंद्र आठवते. काही वर्षांमागे मी तिथे रिकाम्या बाटल्या आणि कॅनचे पोते घेऊन गेले होते. पत्र्याच्या शेडखाली जीव उकडून निघत होता. प्लास्टिक निवडणाऱ्या बाईने माझ्या पोत्यातली निळी कॅन हळूच स्वतःच्या पिशवीजवळ सरकवली. "ते कायले पाहिजे तुले?" मी विचारले. "वावरात प्यायचं पाणी न्याले, मावशी. राखेनं घासीन ना." "फवारणीचं औषध होतं त्यात. मरायचं हाय काय?" ती हसली. "सारेच नेतात. कोण मेलं?" मी सुतळ्या कापायचा तिचाच विळा उचलला आणि कॅनच्या बुडाला भोक पाडले. तिचा चेहरा उतरला. "एवढी चांगली कॅन फोडली वो!" मग मी घरून आणलेली माझ्या पाण्याची कॅन तिच्यापुढे ठेवली. तिने आधी झाकण उघडून वास घेतला, एक घोट मला प्यायला लावला, मगच घेतली. मला राग आला नाही. धड कॅन तिथे नेणारी मीच होते. आता औषध संपले की मी वावरातच कॅनला भोक पाडते, मग पोत्यात टाकते.