शिक्काबाईंनी परत केलेले अर्ज

शिक्काबाईंनी एका गरिबाच्या मुलीचा अर्ज तीन वेळा परत केला आणि पोरीचं कॉलेज सुटलं, अशी बातमी आमच्या इमारतीत पसरली. बातमी अर्थातच चुकीची होती. अर्ज चार वेळा परत केला होता, आणि तो कॉलेज सोडण्याचाच होता.

शिक्काबाई म्हणजे आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि कॉलेजच्या ऑफिसात तीन नंबरच्या खिडकीमागे बसणाऱ्या कारकून. प्रवेश घ्यायला आलेल्याचं काम त्या चहा निवायच्या आत उरकतात. नाव काढायला आलेल्याला मात्र घाम फोडतात. त्या स्वतः दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेज सोडायला गेल्या, तेव्हा खिडकीतल्या माणसाने मान वर न करता अर्ध्या मिनिटात शिक्का मारला होता. एवढ्या तत्पर सेवेबद्दल त्यांनी त्याला अजून माफ केलेलं नाही.

ही मुलगी शेवटच्या वर्षाची. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. पहिल्या अर्जात तिने कारण लिहिलं होतं, 'घरगुती अडचण'.

"समास कुठाय?" बाईंनी विचारलं. "डावीकडे जागा सोड. फाइलसाठी भोक कुठे पाडू, तुझ्या नावावर?"

दुसऱ्या खेपेला समास होता.

"घरगुती अडचण म्हणजे काय ते लिही. घरगुती अडचण मलाही आहे. मी रोज येते."

तिसऱ्या खेपेला 'वैयक्तिक कारण' आलं.

"हे तर आधीपेक्षा कमी झालं."

चौथ्या वेळी पोरीचं डोकं फिरलं. तिने रागारागात पानभर लिहून आणलं. कारखान्यात खोकी भरायचं काम, पाळी सकाळची झालेली, प्रॅक्टिकलही सकाळीच. सहा बुडाली, आता परीक्षेला बसू देणार नाहीत. काम सोडलं तर घर चालत नाही.

बाईंनी सगळं वाचलं, अर्ज परत तिच्या हातात दिला आणि खणातून दुसराच फॉर्म काढला.

"इथे सही कर. सोमवारपासून दुपारची तुकडी. बुडालेली सहा शनिवारी भरून काढ, प्रॅक्टिकलच्या मॅडमशी मी बोलते."

"दुपारची तुकडी असते, मॅडम?"

"बारा वर्षं आहे. नोटीस जिन्याखाली लावतात, सायकलींच्या मागे."

पोरीची सकाळ कारखान्यात, दुपार कॉलेजात. घरी सांगायचं राहून गेलं. मंगळवारी तिचे वडील तणतणत प्राचार्यांच्या खोलीत शिरले.

"साहेब, साध्या अर्जासाठी पोरीला चार खेपा घालायला लावल्या. गरीब बघून छळता काय?"

प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. "मुलगी आहे कुठे?"

"वर, दुपारच्या तुकडीत. हातात काचेची नळी असेल, आत्ता हाक मारू नका."

वडील बाईंकडे वळले. "म्हणजे परीक्षेला बसणार ती?"

"शनिवारी आली तर बसणार."

"येईल. मी आणून सोडतो," ते म्हणाले आणि कुणी बसा म्हणायच्या आत निघून गेले.

प्राचार्यांना मात्र नियम आठवला. "ते ठीक आहे, बाई. पण आलेला अर्ज घ्यायलाच हवा. तुम्ही घेतच नाही अशी तक्रार आहे."

"घेते की, सर. प्रवेशाचा अर्ज पाठकोऱ्या कागदावर दिला तरी घेते. जायचं असेल तर मात्र नीट लिहून आणायचं."