दोन तोंडांची गाडी

पाणी पोटरीपर्यंत आलं तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, लिहा. पुढच्या बाजूने पाणी आत येतं."

मी लिहिलं. मांजरी गावच्या कालव्यात गाडी नाक खुपसून उभी होती, आत आम्ही तिघं होतो, वरचं लोखंडी झाकण बंद होतं, आणि पुढे बसलेला ड्रायव्हर मोठमोठ्याने आईला हाका मारत होता.

"ते लिहू नका," साहेब म्हणाले.

ही गाडी साधी नव्हे. लढाईत पुढे जायचं, शत्रू कुठे आहे ते बघायचं आणि जिवंत परत यायचं, अशा कामाची चिलखती गाडी. करून बघू म्हणून एकच केलेली. वाघोलीच्या ज्या शेडमध्ये ती झाली तिथे एरवी पाण्याचे टँकर बनत. मी तिथे झाडायची आणि चहा करायची. शिक्षण चौथी, पण अक्षर वळणदार, म्हणून साहेबांनी मला नोंदवहीला बसवलं. "इंजिनिअरांचं अक्षर इंजिनिअरांनाच लागत नाही," म्हणाले.

सीमेवर लढाई सुरू झाली तेव्हा मालकाने धावपळ करून हे काम आणलं आणि नारायण पेठेतून साहेबांना आणलं. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर गाड्यांची ड्रॉइंग काढलेले. चार दिवसांत लढाई थांबली. साहेब थांबले नाहीत.

"आता ही कशाला?" मी विचारलं.

"पुढच्या लढाईला."

"ती कधी?"

"ते माझ्या खात्यात येत नाही."

आधी त्यांनी गाडीचं नुसतं खोकं केलं, प्लायवूडचं. त्याला पुढे विटेएवढी एक फट. दोन महिने साहेब जेवणाच्या सुट्टीत त्या खोक्यात बसून फटीतून आमच्याकडे बघत. डबाही आतच. मग आतून आवाज यायचा, "बाई, तुम्ही मालकांच्या चहात दोनदा साखर घातलीत." सगळी शेड त्या खोक्याला घाबरून असायची. तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल. पण ते खोक्यात बसत नसेल.

गाडीला स्टेअरिंग दोन होती. एक पुढे, एक मागे, मागे तोंड करून बसणाऱ्याचं. शत्रू दिसला की गाडी वळवत बसायचं नाही, मागच्याने ताबा घ्यायचा आणि तशीच उलटी पळवायची. ड्रायव्हर बुलढाण्याचा होता. त्याने डोकं खाजवलं.

"दोघांनी एकदम फिरवलं तर जी?"

"दोघांचं एकमत पाहिजे."

"आमच्या घरी दोघंच जण आहोत साहेब. तिथंही जमत नाही."

दार मात्र एकही नाही. दार म्हणजे चिलखताला भोक, असं साहेबांचं म्हणणं. जायचं-यायचं ते वरच्या झाकणातून, आणि ते उचलायला दोन माणसं लागत. झाकण आपोआप उघडं राहावं म्हणून टेकू लावायचा होता. तो "पुढच्या गाडीला".

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शेडमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली. लेथला हार, वेल्डिंग मशिनला हार, हातोड्यांना हळदकुंकू. मी तेलात कुंकू कालवून गाडीकडे गेले.

"फटीच्या काचेला लावू नका," साहेब म्हणाले. "तिला समोरचं दिसायला तेवढीच जागा आहे."

"मग हिचं कपाळ कुठं हाय, दाखवा."

साहेबांनी गाडीला फेरी मारली. पुन्हा मारली. गाडी सगळीकडून सारखीच, नुसता पत्रा. शेवटी म्हणाले, "लावा." मी काचेवर ठसठशीत स्वस्तिक काढलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मांजरीला उसामधल्या वाटेवर चाचणी. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला कालवा. बघायला लष्कराचे तीन अधिकारी आलेले, मांडवात पोहे खात बसलेले. आत तीन सैनिकांचं वजन हवं होतं. ड्रायव्हर एक, साहेब दोन, तिसरी मी.

"वाळूची पोती टाका की," मी म्हटलं.

"पोतं घाबरत नाही. आत माणसाचं काय होतं ते कळायला माणूसच हवं."

निघायच्या आधी ड्रायव्हरने फडक्याने काच पुसली. तेलाचं कुंकू ते. स्वस्तिक गेलं आणि सगळी काच लाल झाली. अधिकारी घड्याळ बघत होते. आम्ही आत उतरलो, झाकण बंद झालं, गाडी निघाली.

"साहेब, काही दिसत नाही."

"काहीच नाही असं नसतं. काय दिसतं ते सांगा."

"कुंकू."

"त्याच्या पलीकडे?"

"पलीकडेही कुंकूच आहे जी. झाकण उघडून डोकं बाहेर काढू का?"

"लढाईत काढाल?"

"लढाई नाही ना पण."

"आहे असं धरा."

त्याने धरलं. वाट डावीकडे वळली, आम्ही वळलो नाही.

पुढचं तोंड पाण्यात गेल्यावर साहेब शांतपणे म्हणाले, "आता मी," आणि मागचं स्टेअरिंग घेतलं. मागची काच स्वच्छ होती, त्यांना अख्खी वाट दिसत होती. पण चाकं चिखलात नुसती फिरली आणि गाडी आणखी खाली बसली. पाणी कमरेला आलं. मग साहेब आपल्या कोरड्या जागेवरून खाली सरकले, पाठ झाकणाला लावली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "रडणं झालं असेल तर जोर लावा."

झाकण उघडलं. साहेबांनी ते पाठीवर तोलून धरलं.

"बाई, तुम्ही आधी."

"तुम्ही म्हातारे, तुम्ही निघा."

"नोंदवही तुमच्याकडे आहे. वाद घालू नका."

ड्रायव्हरने मला खालून ढकललं. मी काठाच्या गवताला धरून बाहेर पडले, मागोमाग तो. त्याने साहेबांना हात द्यायला मागे वळून बघितलं तेवढ्यात गाडी एका कुशीवर कलंडली आणि झाकण पाण्याखाली मिटलं. आम्ही दोघांनी ते ओढलं. अधिकारीही बूट-मोज्यांसकट पाण्यात उतरले. बाहेरून धरायला त्याला कडीच नव्हती. शत्रूला उघडता येऊ नये म्हणून.

ट्रॅक्टर यायला तासभर गेला. गाडीला एक ओरखडाही नव्हता.

पंचनामा करणाऱ्या पोलिसाला मी सांगितलं, काचेला कुंकू मी लावलं होतं. तो म्हणाला, "आजी, देवाचं कशाला लिहायचं?" मी म्हटलं, लिहा. त्याने लिहिलं नाही. म्हणून इथे लिहिलं.

आत तिघं होतो. वाचलो दोघं, ड्रायव्हर आणि मी.