बांधफोडी

आमच्या गावाकडून पश्चिमेला येऊन कायमचं राहिलेलं पहिलं घर आमचं. गाव बीडकडचं. दुष्काळात विहिरीने तळ दाखवला, बैलं विकली आणि आबा खडी फोडायच्या कामावर भुकूमला आले. मागून माय मला आणि धाकट्या भावाला घेऊन एसटीने आली. मी सातेक वर्षांची असेन. प्रवासातलं फारसं आठवत नाही. उतरल्यावर मायने रस्त्याकडेच्या ओढ्यात हात घालून बघितला, तेवढं आठवतं. ऐन उन्हाळ्यात त्यात पाणी होतं. "आता माघारी जायाचं नाव काढू नका," असं ती आबांना म्हणाली.

ज्यांच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत आम्ही राहिलो, त्या घरच्या मालकीणबाईंना मी काकी म्हणायचे, अजूनही म्हणते. खोलीला भाडं नव्हतं. त्याबदल्यात मायने शेण काढायचं आणि शेतावर लक्ष ठेवायचं, एवढंच ठरलं होतं. मायने हे लक्ष ठेवणं फारच मनावर घेतलं, आणि तिथेच माती खाल्ली.

पावसाळ्यात काकींच्या खाचरात आवणी झाली, म्हणजे भाताची रोपं लावून झाली. त्या दिवसांत भाऊ तापाने फणफणलेला, त्यामुळे माय खाचराकडे फिरकलीसुद्धा नव्हती. मग पावसाने झोडपून काढलं. एका सकाळी माय दार उघडून बघते तर खाचर बांधाच्या काठापर्यंत भरलेलं आणि रोपांचे नुसते शेंडे वर.

आम्ही ज्वारीच्या मुलखातली माणसं. ज्वारीच्या मुळाशी पाणी तुंबलं की पीक पिवळं पडतं आणि बसतं. पाऊस पडलाच तर पहिलं काम म्हणजे चारी काढून पाणी बाहेर घालवणं. पाण्यात उभं राहून वाढणारं पीक असतं, हे मायला कुणी सांगितलं नव्हतं. भात तिने सणासुदीला ताटात बघितला होता, तेवढाच.

"मालकीणबाईचं समदं बुडायलंय गं!" असं ओरडत तिने कुदळ उचलली. आबा खाणीवर गेलेले. मी डोक्यावर पोतं घेऊन तिच्यामागे पळाले. तिने पदर खोचला आणि सगळ्यात उताराच्या कोपऱ्यात बांध फोडला. पाणी धो धो खाली निघालं. खालचं खाचर काकींच्या चुलत दिराचं. त्याची आवणी आदल्याच दिवशी झाली होती. ती रोपं उपटून ओढ्याला लागली.

काकी धावत आल्या तेव्हा माय कमरेपर्यंत चिखलाने माखलेली होती आणि चक्क हसत होती. "वाचवलं बगा, मालकीणबाई," ती म्हणाली.

काकी मटकन बांधावरच बसल्या. "आगं बाये, काय केलंस हे!"

तेवढ्यात चुलत दीर आला. त्याने मायला जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि शेवटी काकींना म्हणाला, "ह्या दुष्काळ्यांना आजच्या आज हाकला हितनं." मायला तेव्हा कळलं. तिचं हसू एकदम मावळलं. माघारी जायचं म्हणजे कुठे, हे मलाही माहीत होतं. तिकडे प्यायला पाणी नव्हतं. मी भोकाड पसरलं.

काकी म्हणाल्या, "आदी बांध भरू, मंग बगू." माय दगड-माती वाहायला लागली. मग काकींनी स्वतःच्या रोपवाटिकेत उरलेल्या जुड्या आणल्या आणि दोघी दिराच्या खाचरात उतरल्या. माय रोप खोल खुपसायची, काकी ते उपटून पुन्हा लावून दाखवायच्या, शिव्या देत देत. संध्याकाळी अंग ठणकत माय घरी आली. राहा असं कुणी म्हटलं नाही, पण जा असंही पुन्हा कुणी म्हटलं नाही.

नाव मात्र पडलं ते पडलंच. बांधफोडी. हळदीला, बारशाला, जत्रेत, सगळीकडे. मी शाळेत बांधफोडीची पोर. माय चारचौघांत सगळ्यांच्या आधी हसायची आणि घरी आल्यावर गप्प बसायची. मला त्या नावाचा राग यायचा. आमच्यामागून गावाकडची बरीच घरं इकडे आली. आलेल्या प्रत्येक बाईला माय पहिल्यांदा खाचरावर न्यायची आणि सांगायची, "कितीबी पानी दिसू दे, बांधाला हात लावायचा न्हाई." पुढे ती इतकी सफाईदार आवणी करायची की लोक तिला आधी बोलावून ठेवत, आणि बोलवायचे त्याच नावाने. जाईपर्यंत ते नाव तिला चिकटून राहिलं.

आता त्या खाचरांवर सोसायटी आहे. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये काकी राहतात. मी अंगणवाडीतून रिटायर झाले, दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसते. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचलं. गाड्या अर्ध्या पाण्यात, पंप बंद पडलेला, सेक्रेटरी छत्री घेऊन फोनवर ओरडतोय. उताराकडची भिंत फोडावी तर खालच्या सोसायटीवाले भांडायला उभे. आम्ही दोघी गॅलरीतून बघत होतो. काकींना हसू आवरेना.

"खाचर हाय त्ये," त्या म्हणाल्या. "पानी थांबायलाच केलंय माज्या सासऱ्यानं." मग खाली बघत म्हणाल्या, "तुजी माय पायजे हुती आज."

मला वाटलं, पुन्हा तेच नाव निघणार. मी तोंड फिरवलं.

"एवडी मान्सं हायेत, येक तरी पान्यात उतरलंय का बग," काकी म्हणाल्या. "समदी आपापल्या गाडीपुरती. तुज्या मायचं त्यात काय हुतं गं? पीक माजं, बांध माजा. ताप आल्यालं प्वार घरात टाकून धावली. तिनं बांध फोडला, त्येवडं आमी ध्यानात ठिवलं. धावली कशापायी, त्ये कुनीच न्हाई बोललं."

"हे तुम्ही तिला सांगायला हवं होतं, काकी," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही.

काकींनी पाण्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "त्ये ऱ्हायलं."