मिठागरावरची जोडी

माझा जन्म श्रावणातला. पाठच्या बहिणीचा आषाढातला, आणि तिच्या पाठचे दोघे भाऊही पावसातलेच. पेणला हायस्कुलात गेल्यावर वर्गातल्या मुलींचे वाढदिवस वर्षभर येत राहतात याचं मला नवल वाटायचं. आमच्या खाडीकडच्या गावात बायका होता होईल तो पावसाळ्यातच बाळंत व्हायच्या. प्रत्येकीला ते जमायचं असं नाही, पण धडपड तीच असायची. दिवाळीनंतर मिठागर सुरू व्हायचं ते पाऊस येईपर्यंत चालायचं. तेवढ्या महिन्यांत बाई पोटुशी असली तरी चालायची, बाळंतपणाला बसलेली चालायची नाही.

मिठागरावर काम जोडीला मिळायचं. नवरा वाफ्यातलं मीठ लाकडी फावड्याने ओढून कडेला आणतो, बायको ते पाटीत भरते आणि डोक्यावर चुंबळ ठेवून राशीवर नेऊन टाकते. एकट्या पुरुषाला वाफे देत नसत, एकट्या बाईला तर नाहीच. जोडी मोडली की मुकादम ते वाफे दुसऱ्या जोडीला देई, आणि अशी वाट बघणारी जोडी गावात नेहमी असे. मुकादम वाईट माणूस नव्हता. पिकलेलं मीठ कुणासाठी थांबत नाही, एवढंच.

आई मूळची रोह्याकडची, भाताच्या आणि वालाच्या गावातली. तिची धाकटी बहीण तिकडेच, वरसे गावात दिलेली. मावशीने दोन मुलांनंतर ऑपरेशन करून घेतलं होतं. सरकारी शिबिरं थंडीत लागायची. तेव्हा मावशीकडे भात घरात आलेलं असे, वाल शेतात उभे असत, बाईला पडून राहायला थोडी सवड मिळे. आमच्याकडे तीच थंडी म्हणजे मिठाचा हंगाम. पावसात आई मोकळी व्हायची तेव्हा शिबिर नसायचं, आणि पावसात टाके चिघळतात ही धास्तीही होती. म्हणून मावशीची दोन आणि आम्ही चार. खाडीवाल्यांना अक्कल नाही, नुसती पोरं काढतात, असं पेणच्या बाजारात मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. पुढे मी अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झाले. आमच्या घरातली पहिलीच. पुस्तकात लोकसंख्येवर एक मोठं प्रकरण होतं. शिबिर कोणत्या महिन्यात लागतं याबद्दल त्यात काही नव्हतं.

धाकट्या भावाच्या वेळी आईचं रक्त खूप गेलं होतं. आता पुन्हा बाळंतपण नको, तिला झेपायचं नाही, असं पेणच्या दवाखान्यात बजावून सांगितलं होतं. मी दहावीला होते त्या थंडीत मावशी मुद्दाम त्यासाठीच आली. आई कामावर होती, म्हणून मावशी मिठागराच्या बांधावरच येऊन बसली.

"आक्का, चल माझ्याकडं. शिबिर हाय. महिनाभर पडून ऱ्हा."

"आन पाटी कोन उचलील? तू?"

"हिला उभी कर की."

मी डबा घेऊन आले होते. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "हिची परीक्षा हाय," ती म्हणाली. "ही नाय."

"मग दाजींना सांग. बाप्यांचा सोप्पा असतो. दोन दिवसांत उठून कामाला."

आई हसली. "त्यांना सांगू? आनीबानीत त्या शेजाऱ्याचा केलान. अजून लोक त्याला बैल म्हनतात. त्याच्या दारावरनं जाताना पोरंसुदा घंटी वाजवतात."

बाबा दोन वाफे पलीकडे फावडं ओढत होते. वारा त्यांच्याकडेच वाहत होता. त्यांनी मान वर केली नाही.

मीठ काढून नवं पाणी सोडलं की ते पिकायला काही दिवस लागतात. माघातल्या तशा एका खंडात बाबा म्हणाले, "रोह्याला साडूकडं जातो, वालाच्या शेंगा आनतो." शेंगा घेऊन ते परत आले, पण चालताना पाय जपून टाकत होते. बांधावरून घसरलो, असं मुकादमाला सांगितलं. मलाही तेच खरं वाटलं. मला एवढंच दिसलं की आईने त्या आठवड्यात त्यांना दोनदा अंडी उकडून दिली, आणि आम्हा पोरांच्या वाटणीचा बोंबील त्यांच्या ताटात गेला. ती पाटी भरताना काहीतरी गुणगुणायची. मला वाटलं, मी परीक्षेला बसणार म्हणून असेल.

रोह्याला बाबा शिबिरात ऑपरेशन करून आले होते, आणि तिथे त्यांना निरोधची पाकिटं मिळाली होती. आता हे सांगताना संकोच वाटत नाही, कारण आमच्या गावात त्या वस्तूचा संकोच कुणालाच नव्हता. नर्सबाई ती फुकट वाटायच्या, पोरं फुगे करायची आणि मिठागरावरचे बाप्ये त्यात विड्या न् काडेपेटी घालून वर गाठ मारायचे. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभं राहिलं तरी काडी सादळत नसे. त्या कामाला तिच्यासारखी दुसरी वस्तू नव्हती. बाबांनीही ती पाकिटं तशीच वापरली. त्यांच्या कमरेला ती गाठ मी रोज बघत होते.

माझी परीक्षा झाली. वैशाखात एक दिवस आई राशीजवळ पाटी ठेवून ओकली. दुसऱ्या दिवशीही ओकली. शेजारच्या जोडीतली काकू म्हणाली, "काय गो, ह्या टायमाला? हंगाम चुकलास."

सगळ्या बायका हसल्या. आई हसली नाही. बाबांनी फावडं खाली टाकलं आणि बांधाकडे निघून गेले.

त्या दिवसापासून ते आईशी बोलायचे बंद झाले. घरात कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑपरेशनचं गावात फक्त त्या दोघांना माहीत होतं. आजी म्हणायची, पाचवा पोर आला म्हणून कातावलाय, निवळंल. पण हंगाम संपला नव्हता, म्हणून जोडी मोडता येत नव्हती. ते मीठ ओढून कडेला आणायचे, आई पाटी भरायची. ओढणं आणि भरणं एकामागोमाग चालायचं, एकाचं थांबलं की दुसऱ्याचं अडायचं, आणि मध्ये एक शब्द नाही. पाटी जड झाली तर पूर्वी ते हात लावायचे. आता ती गुडघ्यावर टेकवून एकटी उचलायची. मी त्या सुट्टीत तिची पाटी घ्यायला जायचे तेव्हा ती मला हाकलून द्यायची. "जा, निकाल बघ," म्हणायची. निकालाला अजून वेळ होता.

बाबांनी तिला एकच प्रश्न विचारला होता, हे मावशीने मला खूप वर्षांनी सांगितलं. "कोनाचा?" आईने उत्तर दिलं नाही. मावशी म्हणाली, "मी तिला म्हटला, शपथ घे, देवाच्या पायावर हात ठेव. तर म्हनते कशी, मी कशापायी घेऊ?"

मी पास झाले. अकरावीला पेणलाच नाव घातलं. आषाढात आईच्या पायांवर सूज आली, चेहरा पांढरा पडला, तेव्हा ती मला घेऊन दवाखान्यात गेली. मला का, तर मला वाचता येत होतं. तिथल्या सिस्टर वयाने मोठ्या, तोंडाने फटकळ.

"चार असताना पाचवं? तुला सांगितलं होतं ना मागच्या वेळी? ऑपरेशन का नाही केलंस?"

सिस्टरनी पुन्हा विचारलं. मग आई खाली बघत म्हणाली, "ह्यांचा झालाय."

सिस्टरचा हात थांबला. "कधी?"

"माघात. रोह्याला."

"आणि दिवस कधी राहिले?" त्यांनी तिच्या पोटाला हात लावून पाहिला, बोटांवर हिशेब केला. मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, मग आधी का आली नाहीस? ऑपरेशननंतर राहिलं तर कायद्याने मोकळं करता येतं. आता दिवस फार वर गेले. तुझ्या अंगात रक्त नाही."

आई आधी आली नाही, कारण येणं म्हणजे नवऱ्याचं ऑपरेशन झालंय हे तोंडाने सांगणं होतं. आणि ते सांगितलं की पुढचा प्रश्न बाबांनी विचारलेलाच येणार, असं तिला वाटत होतं. सिस्टरनी तो विचारला नाही. त्या म्हणाल्या, "नवऱ्याला घेऊन ये. मला त्यांच्याशी बोलायचंय."

बाबा यायला तयार नव्हते. मीच त्यांना म्हटलं की आईला रक्त लागेल, तुमची सही पाहिजे. ते आले. दवाखान्याच्या पडवीत खांबाला टेकून उभे राहिले. आई बाकावर बसली, मी तिच्या शेजारी. सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी फार वेळ घेतला नाही.

"दादा, शिबिरात तुम्हाला सांगितलं होतं ना, तीन महिने जपायचं म्हणून? नस बांधली तरी आधीचं आत असतं. ते जाईपर्यंत पाकिटं वापरायची. दिली होती ना पाकिटं?"

बाबा म्हणाले, "दिली होती."

"वापरली?"

अडचण आली की विडी काढायची त्यांची सवय होती. त्यांचा हात आपसूक कमरेला गेला, गाठ बाहेर आली. ती सोडून त्यांनी विडी काढली, काडेपेटी काढली, आणि मग त्यांना आपल्या हातात काय आहे ते दिसलं. पाऊस पडत होता. काडी कोरडी होती. त्यांनी ती ओढली नाही.

सिस्टरनी ते पाहिलं. त्यांना हसू आलं असतं तर मला राग आला नसता. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्याकडचे सगळेच हेच करतात," आणि आत गेल्या.

बाबा खाली बसले. आईकडे न बघता म्हणाले, "चल, चा पिऊ."

"नको," आई म्हणाली.

मार्गशीर्षात माझी धाकटी बहीण झाली. आई वाचली, पण उठायला तिला फार दिवस लागले, आणि वाफे तेव्हा पहिल्या मिठावर आले होते. बाबा मुकादमाकडे गेले. जोडी मोडली नाही, मी दोघांचं करीन, असं म्हणाले. मुकादम म्हणाला, "बघू किती दिवस टिकतोस." बाबा पहाटे मीठ ओढायचे आणि उन्हं चढली की चुंबळ डोक्यावर ठेवून पाटी घेऊन राशीकडे जायचे. आमच्याकडे बाप्याने पाटी डोक्यावर घेतलेली मी तोवर पाहिली नव्हती.

"काय रं, लुगडा कवा नेसतोस?" बांधावरून कुणीतरी ओरडायचं.

"उंद्या. तुज्या बायकोचा दे धाडून," बाबा म्हणायचे, आणि पुढची पाटी भरायचे.

रविवारी मी जायचे. आता आई मला हाकलत नव्हती. वाफे आमच्याकडेच राहिले. त्याच वाफ्यांवर माझं कॉलेज झालं, भावंडांचं शिक्षण झालं. धाकटी आज रोह्याच्या एका कंपनीत आहे, शिफ्टला जाते, आणि ती नसती तर आमचं घर कसं असतं याचा विचार मला करवत नाही. या गोष्टीतलं मी तिला काहीच सांगितलेलं नाही.

एकदा, बाबा गेल्यानंतर, मी आईला म्हटलं की त्या वर्षी त्यांनी पाटी उचलली, गावाची बोलणी खाल्ली, ते तुझ्यासाठीच. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "व्हय. उचलली. मी नाय कुठं म्हनते?"

मग तिने भाकरी तव्यावर टाकली. "त्या सिस्टर बोलल्या म्हनून त्यांना पटला. त्या बदलून गेल्या असत्या तर?"

तिने भाकरीवरून पाण्याचा हात फिरवला आणि उलटली.