लाल काठाचा पंचा

भुताखेतांचा विषय निघाला की उठून चहा टाकायला जाणारा मी माणूस. धरणगावात नववीला विज्ञान शिकवायचो. मुलांकडून अर्थिंगची व्याख्या पाठ करून घ्यायचो... आणि घरी तीच तार गाळली!

एक्याण्णव-ब्याण्णवचा हिवाळा, रविवारची सकाळ. बाथरूममधल्या पत्र्याच्या आरशाच्या कपाटात मी स्वतः दिवा बसवला. मेन बंद करून, पायात स्लीपर घालून – एवढी अक्कल होती. पण तारेसाठी पाडलेल्या भोकात रबर बसवलं नाही आणि हिरवी अर्थिंगची तार ‘नंतर जोडू’ म्हणून राहू दिली. मेन चालू करून बाहेरचं बटण दाबलं. काय उजेड पडला! कौतुकानं दिवा तसाच ठेवून मी ओट्यावर पेपर वाचत बसलो.

आमच्या बाथरूमला आतून कडी नव्हती. दारावर टॉवेल टाकलेला दिसला की आत कोणीतरी आहे, असं समजायचं. अक्का – माझी आई – आंघोळीला गेली, तर दारावर पंचा, आत दिवा. बिचारी मागच्या पायरीवर बसून राहिली. अर्ध्या तासानं ओरडली, "कोन शे रे मझार? पानी थंडं व्हयनं ना!"

मला वाटलं, बायको असेल. तेवढ्यात शेजारचे वायरमन नाना त्यांचं ड्रिल न्यायला आले आणि बायको कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. घरात माणसं तीनच... आणि तिघंही बाहेर!

नानांनी दार ढकललं. आत कोणी नाही, फरशी कोरडी. त्यांनी सवयीनं कपाटाला टेस्टर लावला – तो पेटला.

"मास्तर, बठ्ठा डबा जित्ता शे! अर्थिंग कोठे शे?"

भोकाच्या धारेनं तारेचं आवरण कापलं होतं आणि सगळ्या कपाटात करंट उतरला होता. आंघोळ झाली की अक्का अनवाणी, ओल्या हातानं त्याच कपाटातून तेलाची बाटली काढायची. तिचे हात धरून मी रडलो – लाज कसली!

आणि पंचा? लाल काठाचा, ओलसर. आमच्या घरात असा पंचाच नव्हता. शेजारीपाजारी विचारलं, कुणाचाच नाही. मागच्या अंगणाचं दार आतून बंद. वडिलांचा म्हणाल, तर ते जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि पंचा त्यांनी जन्मात वापरला नाही.

नानांनी त्याच दिवशी रबर घातलं, अर्थिंग जोडलं. अक्कानं पंचा धुऊन घडी घालून ठेवला. म्हणाली, "ज्याना व्हई तो ली जाई."

त्यानंतर अठरा वर्षं घरातली पहिली आंघोळ अक्काचीच असायची. पंचा न्यायला कोणी आलं नाही. उत्तर मला आजही सापडलेलं नाही. पण कधी कोणी आलंच, तर मी काही विचारणार नाही... आधी पाया पडेन.