भांडायला कोंडाबाई नाही

अवसरी खुर्दला कॉलेजच्या मुलींसाठी एक खासगी मेस आहे. लंकाबाई तिथं नऊ वर्षं चपात्या लाटते. ती मूळची डोंगरातल्या गावची, आता घोडेगावात खोली घेऊन राहते. मेसमधल्या नऊ वर्षांतली आठ वर्षं तिच्या शेजारी तव्यावर कोंडाबाई असायची. ती अवसरीचीच. एक लाटायची, दुसरी भाजायची, आणि दोघींची तोंडं दिवसभर चालू.

गेल्या वर्षी भांडण झालं. लंकाबाईला चारची एसटी गाठायची असायची, म्हणून ती दहा मिनिटं आधी निघायची. मोठी पातेली घासणं कोंडाबाईच्या वाट्याला यायचं. कोंडाबाई कधी काही बोलली नाही. एक दिवस मात्र जेवणाऱ्या मुलींसमोर ती कडाडली, "तुझी येष्टी म्हत्त्वाची, माझी कंबर काय लोखंडाची हाय का?"

चारचौघींत अपमान झाला म्हणून लंकाबाई लाटणं टाकून निघून गेली.

मेस चालवणाऱ्या वृषालीताईंनी दोघींना वेगळ्या वेळा दिल्या. लंकाबाई सकाळी, कोंडाबाई दुपारनंतर. कशावरून बिनसलं, हे कुणी विचारलं नाही. भांडण मिटलं असंच सगळे म्हणाले.

लंकाबाईला मात्र करमेना. सकाळी आल्यावर ओट्यावर कोंडाबाईनं घट्ट पिळून वाळत घातलेलं फडकं दिसायचं. तेवढीच तिची खूण. लेकीच्या सासरचं सांगायला, पाय दुखतात म्हणायला आता कुणी नव्हतं.

चार महिन्यांनी एका दुपारी काम संपल्यावरही ती थांबली. कोंडाबाई आली, तिला बघून दारातच उभी राहिली.

"पातेली तुझ्यावर टाकून जात व्हते, चुकलंच माझं," लंकाबाई म्हणाली.

"पातेल्याचं काय न्हाई गं. 'जाते' म्हणून सांगत बी नव्हतीस. मला कुणी मोजतच न्हाई, असं वाटायचं."

त्या दिवशी लंकाबाईनं पदर खोचून सगळी पातेली घासली. मग दोघी मिळून वृषालीताईंकडं गेल्या.

"परत भांडलात तर?" ताईंनी विचारलं.

"भांडू की," कोंडाबाई म्हणाली. "पण आमचं आमी मिटवू."

एक तारखेपासून दोघी पुन्हा एकत्र आल्या. लंकाबाई पाचच्या एसटीनं जाऊ लागली. पण जेमतेम तीन आठवडे झाले आणि कोंडाबाईची कंबर पार धरली. डॉक्टरांनी उभ्यानं काम करायला मनाई केली. लेक येऊन तिला चाकणला घेऊन गेली.

आता तव्यावर हर्षाली असते. कामाला चोख, स्वभावानं गरीब. लंकाबाई तिला अधूनमधून म्हणते, "माझं काय खटकलं तर बोलत जा गं."

"न्हाई मावशी, काय बी न्हाई," हर्षाली हसून सांगते.

लंकाबाई मान हलवते. पण लाटता लाटता तिचा हात मधेच थांबतो. आपल्यावर हक्कानं ओरडणारा तो आवाज कानावर पडावा, असं तिला फार वाटतं.